तिसरी रात्र

माझी आई पाण्यालाच घड्याळ मानायची.
कसावाची मुळं सोलून ओढ्याच्या डोहात दडवली
की बोटाएवढ्या काडीवर एक खाच.
दुसऱ्या रात्रीला दुसरी.
तिसरी रात्र सरली की ती मूळ दाबून बघे.
ओल्या मातीत शिरावा तसा अंगठा आत गेला,
आणि तो वास आला, आंबूस, नाक मुरडायला लावणारा,
तर म्हणे, "गेला तो."
कोण गेला, तिनं कधी सांगितलं नाही.
आम्हीही विचारलं नाही.
नको असलेला पाहुणा गेल्यावर
त्याचं नाव कशाला काढायचं?

कडूच जात लावतो आम्ही.
गोड जात रानडुक्कर उकरतं, माकड उकरतं,
वाटसरूही उकरतो, दोष कुणाला द्यायचा?
कडू मात्र शेतात एकटी उभी असते,
तिच्या वाटेला कुणी जात नाही.
तिचा राग मुळातच निजलेला,
चिरलं, कुस्करलं, दात लागला
की जागा होतो.

मग रस्ता आला.
लाल मातीचाच, पण ट्रकपुरता.
ट्रकवाल्या काबेयाला शहर गाठायची घाई,
शहराला पांढऱ्या पिठाची,
मला मिठाची, शाळेच्या फीची,
आणि खरं सांगायचं तर एका निळ्या बादलीची.
तीन रात्रींच्या दोन झाल्या.
त्या वर्षी पाऊस रुसला, तेव्हा एकच.
उन्हात वाळवलं, कुटलं, चाळलं,
पीठ तसंच पांढरं.
हरवलेली रात्र
पिठात दिसत नाही.

त्या महिन्यांत घरात लुकू, आणि पुन्हा लुकू.
एकदा शेजारणीनं भाजलेले सुरवंट दिले.
न्झुझीनं मूठ मूठ खाल्ले.
न्सिंबानं, तिच्याच जुळ्या भावानं, तोंड फिरवलं:
"त्यांना डोळे आहेत, आई."
मी किती हसले होते.

आठवड्याभरानं, पहाटे,
"आई, माझे पाय कुणी बांधले?"

मी खरंच दोरी शोधली.
अंधारात हात फिरवला,
मांड्यांवरून, गुडघ्यांवरून, घोट्यांपर्यंत.
पाय होते. कालचेच होते.
दगडासारखे ताठ.

कोंझो. बांधलेले पाय.
जुनी माणसं शब्द ठेवून गेली होती,
आणि कारण
काडीवर ठेवून गेली होती.

दवाखान्याची बाई आली, मोटारसायकलवरून, धुळीनं माखलेली.
तिनं बाटलीत माझं पीठ घातलं, पाणी घातलं,
वर एक पिवळा कागद टांगला.
सकाळी कागद विटकरी झाला होता.
"हे दुखणं आता वाढणार नाही," ती म्हणाली.
"आणि?"
तिनं बूच घट्ट लावलं.
"जाणारही नाही."
मी म्हटलं, दोघांनी एकाच भांड्यातलं खाल्लं.
तिनं विचारलं, शेंगा? मासे? आणखी काही?
मला एकदम ते डोळे आठवले.

न्सिंबा आता बारा वर्षांचा आहे.
चवड्यांवर चालतो, गुडघ्याला गुडघा घासत,
हातात बांबूची काठी.
डोहावर तोच बसतो.
बायका मुळं घालतात, तो काठीवर खाच करतो,
ज्या त्या घराची निराळी.
त्याची काठी वरपासून खालपर्यंत
कुरतडल्यासारखी दिसते.
चोरून कुणी हात घातला तर ओरडतो,
आवाज मोठा आहे त्याचा, सगळा जोर तिथेच गेलाय.

शुक्रवारी काबेयाचा हॉर्न वाजतो.
"दोनच झाल्यात!" न्सिंबा डोहावरून सांगतो.
काबेया थुंकतो, गिअर टाकतो.
पुढच्या गावात एका रात्रीचं मिळतं म्हणे,
आणि स्वस्त.

मी धुळीमागे थोडी पळते.
काय ओरडायचं
ते ठरायच्या आत
वळण येतं.